विश्लेषण : नर माशीला बाप नसतो, तरी गुणसूत्रांचा हिशेब चुकत नाही, असे का?

कोल्हापूर जिल्ह्यात गारगोटीहून वेदगंगेच्या काठाने सह्याद्रीकडे वर गेले की पाटगाव लागते. महाबळेश्वर तालुक्यातील मांघरनंतर ‘मधाचे गाव’ अशी ओळख मिळालेले हे राज्यातील दुसरे गाव. सह्याद्रीच्या या पट्ट्यात मधपेट्यांमध्ये पाळल्या जाणाऱ्या सातेरी माशांच्या घरात एक विलक्षण नियम आहे. राणी आणि कामकरी माशीच्या पेशीत ३२ गुणसूत्रे असतात, तर नराच्या पेशीत फक्त १६. नराला आई असते, बाप नसतो. तरीही पिढ्यानपिढ्या राणीची ३२ आणि नराची १६ ही संख्या हलत नाही. लैंगिक प्रजननात गुणसूत्रांची संख्या कायम कशी राहते, हा दहावी-बारावीच्या परीक्षेतला नेहमीचा प्रश्न. त्याचे उत्तर मधपेटीत सर्वांत स्पष्ट दिसते. आणि या उत्तराशी मधपाळाच्या उत्पन्नाचाही संबंध आहे.

गुणसूत्रांची संख्या ठरलेली का असते?

पेशीच्या केंद्रकात डीएनएचे लांब धागे असतात. पेशी विभागायच्या वेळी हे धागे गुंडाळले जाऊन आखूड आणि जाड होतात, तेव्हा ते सूक्ष्मदर्शकाखाली मोजता येतात. हीच गुणसूत्रे. माणसात ती ४६, गाईत ६०, कुत्र्यात ७८, भातात २४, कांद्यात १६ आणि मधमाशीत ३२. संख्या जास्त म्हणजे जीव अधिक प्रगत, असा याचा अर्थ नाही. तसे असते तर कुत्रा माणसाच्या पुढे असता.

महत्त्वाचे आहे ते हे की, गुणसूत्रे बहुधा जोड्यांनी असतात. माणसाच्या ४६ म्हणजे २३ जोड्या. प्रत्येक जोडीतले एक आईकडून आलेले, एक वडिलांकडून. राणी माशीच्या ३२ म्हणजे १६ जोड्या. प्रत्येक गुणसूत्रावर अनेक सूचना, म्हणजे जनुके, ठरावीक जागी असतात. एखादे गुणसूत्र कमी झाले किंवा जास्त झाले, तर शेकडो सूचनांचे प्रमाण एकदम बिघडते. म्हणून ही संख्या जपणे हा जीवाच्या जगण्याचा प्रश्न असतो.

संख्या दर पिढीला दुप्पट का होत नाही?

शरीर वाढते तेव्हा पेशी सूत्री विभाजनाने वाढतात. आधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल तयार होते, मग दोन्ही नव्या पेशींना एकेक पूर्ण संच मिळतो. ४६च्या पेशीतून ४६च्याच दोन पेशी. जखम भरते ती याच पद्धतीने. ऊस लावतानाही हेच घडते. आपण शेतात बी पेरत नाही, डोळा असलेली कांडी लावतो. त्या डोळ्यातून उगवलेला ऊस मूळ उसाची नक्कल असतो. त्यात ना नर, ना मादी. त्यामुळे निम्मे करण्याचा प्रश्नच येत नाही.

लैंगिक प्रजननात मात्र दोन पेशी एकत्र येतात. आईची अंडपेशी ४६ची आणि वडिलांचा शुक्राणूही ४६चा असता, तर बाळात ९२ गुणसूत्रे झाली असती. नातवंडांत १८४. दहा पिढ्यांनंतर ४७ हजारांहून अधिक. असा जीव जगणे शक्यच नाही. त्यामुळे एकत्र येण्याआधी दोन्ही बाजूंनी आपापला संच निम्मा करावा लागतो. माणसात २३ आणि २३ मिळून पुन्हा ४६. मधमाशीत १६ आणि १६ मिळून पुन्हा ३२. ‘आधी निम्मे, मग बेरीज’ या दोन पायऱ्या एकमेकींना अचूक भागतात, म्हणून संख्या कायम राहते.

निम्मे करण्याची पद्धत नेमकी काय?

या पद्धतीला अर्धसूत्री किंवा अर्धगुणसूत्री विभाजन म्हणतात. ते फक्त अंडपेशी आणि शुक्राणू तयार करणाऱ्या पेशींतच होते. यात नक्कल एकदाच होते, पण विभाजन दोनदा होते. हिशेब निम्म्यावर येतो तो याच कारणाने.

पहिल्या विभाजनाआधी आईकडून आलेले गुणसूत्र वडिलांकडून आलेल्या आपल्या जोडीदाराला शोधून त्याच्या शेजारी येते. दोघे काही ठिकाणी एकमेकांत आपले तुकडे बदलतात. मग जोडीतले एक एका बाजूला आणि दुसरे दुसऱ्या बाजूला ओढले जाते. इथेच संख्या निम्मी होते. दुसऱ्या विभाजनात प्रत्येक गुणसूत्राची मूळ प्रत आणि नक्कल वेगळ्या होतात. एका पेशीतून असे चार भाग होतात. नरात साधारणपणे चारही भागांचे शुक्राणू बनतात; मादीत एकाचीच अंडपेशी होते आणि उरलेले छोटे भाग नष्ट होतात.

निम्मे करताना ‘कोणतीही २३’ उचलून चालत नाही. प्रत्येक जोडीतले एकच, पण प्रत्येक जोडीतले नक्की एक घ्यावे लागते. कोणत्या जोडीतले कोणते जाईल, हे मात्र नशिबावर असते. त्यामुळे नुसत्या वाटपातून माणसात सुमारे ८४ लाख आणि राणी माशीत ६५,५३६ वेगवेगळे निम्मे संच बनू शकतात. तुकड्यांची अदलाबदल धरली, तर ही विविधता कितीतरी वाढते. मधमाशीत ही अदलाबदल इतर बहुतेक प्राण्यांच्या तुलनेत फार मोठ्या प्रमाणावर होते. संख्या तीच, पण संच दरवेळी नवा, असा हा दुहेरी लाभ आहे.

मग नर माशीला बाप का नसतो?

तरुण राणी पेटीबाहेर उडत जाऊन हवेत अनेक नरांशी मीलन करते. त्यांचे शुक्राणू ती पोटातील एका पिशवीत साठवते आणि पुढे अंडी घालताना जपून वापरते. कामकरी माशीसाठी बांधलेल्या लहान घरात अंडे घालताना ती त्यावर शुक्राणू सोडते. १६ आणि १६ मिळून ३२ होतात आणि मादी जन्मते. ही मादी राणी होणार की कामकरी, हे गुणसूत्रांवर ठरत नाही. अळीला मिळणाऱ्या आहारावर ठरते.

नरासाठी बांधलेली घरे आकाराने मोठी असतात. सातेरीत नराच्या बंद घराच्या टोपणावर मध्यभागी बारीक छिद्र असते, त्यावरून जाणकार मधपाळ ती लगेच ओळखतो. अशा घरात राणी शुक्राणू न सोडता अंडे घालते. त्या अंड्यात फक्त आईची १६ गुणसूत्रे असतात आणि तेवढ्यावरच पूर्ण नर वाढतो. म्हणून नराला वडील नसतात, पण आईचे वडील, म्हणजे आजोबा असतात. त्याला मुलगे होत नाहीत, मुलीच होतात.

राणी मेली आणि नवी तयार झाली नाही, तर काही कामकरी माशा स्वतः अंडी घालू लागतात. त्यांचे मीलन झालेले नसते, त्यामुळे त्या अंड्यांतून नुसते नर निघतात. एका घरात एकापेक्षा जास्त अंडी दिसू लागली आणि नरांची गर्दी वाढली, तर पेटी राणीविना आहे असे समजावे. वेळीच उपाय झाला नाही, तर ती वसाहत संपते.

नराकडे १६च असतात. त्याचे निम्मे ८ होत नाहीत का?

या प्रश्नातच मधमाशीच्या हिशेबाची खरी गंमत आहे. नराकडे जोड्याच नाहीत. जोडीदार नसताना जोडी लावून वेगळी करण्याची पायरी घेतली, तर गुणसूत्रे वाट्टेल तशी वाटली जातील. नराच्या शरीरात ही पायरी सुरू होते, पण पूर्ण होत नाही. पहिल्या विभाजनात केंद्रक दुभंगतच नाही. पेशीद्रव्याचा एक छोटा थेंब तेवढा बाहेर टाकला जातो. दुसरे विभाजन होते आणि १६ गुणसूत्रांचा शुक्राणू तयार होतो.

म्हणजे राणी ३२चे १६ करते, नर १६चे १६च ठेवतो. दोन्ही बाजूंनी १६ येतात आणि मुलीत ३२ होतात. नियम ‘प्रत्येकाने निम्मे करावे’ असा नाही. ‘बेरजेआधी प्रत्येकाकडे एकच संच असावा’ असा आहे. नराकडे तो जन्मतःच एकच असतो. याचा एक परिणाम असा की, एका नराचे लाखो शुक्राणू जवळपास एकसारखेच असतात. वंशातील नवी मांडणी घडते ती राणीच्या अंड्यात.

दक्षिण आफ्रिकेच्या केप प्रदेशातील मधमाशीने आणखी वेगळी वाट काढली आहे. तिथल्या कामकरी माशीच्या मीलनाविना घातलेल्या अंड्यात विभाजनातून सुटे झालेले दोन निम्मे संच पुन्हा एकत्र येतात. त्यामुळे ३२ची मादी जन्मते. इथे बेरीज आहे, पण ती आईच्याच दोन वाट्यांची.

हे कोणी शोधले?

नर माशी शुक्राणूविना घातलेल्या अंड्यातून जन्मते, असे १८४५ मध्ये यान जेर्झोन यांनी मांडले. आजच्या पोलंडमध्ये असलेल्या सायलेशियातील ते कॅथलिक धर्मगुरू आणि मधपाळ होते. पुढे पिवळसर इटालियन राणी आणि गडद रंगाचे स्थानिक नर यांच्या संकरातून पुरावा मिळाला. मुली मिश्र रंगाच्या निघत, मुलगे मात्र आईसारखेच शुद्ध इटालियन. त्या काळी गुणसूत्रे हा शब्दही कोणाला माहीत नव्हता.

१८८३ मध्ये बेल्जियमचे एदुआर वान बेनेदेन यांनी घोड्याच्या आतड्यातील जंतात पाहिले की, अंडपेशी आणि शुक्राणू प्रत्येकी दोन गुणसूत्रे आणतात आणि फलनानंतर ती चार होतात. १८८७ मध्ये जर्मनीचे ऑगस्ट वाइजमान यांनी तर्काने सांगितले की, संख्या कायम राहायची असेल तर ती निम्मी करणारे विभाजन असलेच पाहिजे. ते पुढे सूक्ष्मदर्शकाखाली सिद्ध झाले. माणसाची नेमकी संख्या कळायला मात्र १९५६ साल उजाडले. तोपर्यंत ती ४८ मानली जात होती. जो हिन त्जियो आणि अल्बर्ट लेवान यांनी ती ४६ असल्याचे दाखवले.

हिशेब चुकला तर काय होते?

जोडीतली दोन्ही गुणसूत्रे एकाच बाजूला ओढली गेली, तर अंडपेशीत किंवा शुक्राणूत २३ऐवजी २४ किंवा २२ जातात. असे गर्भ बहुतेक वेळा टिकत नाहीत. सुरुवातीच्या महिन्यांतील अनेक गर्भपातांमागे हे कारण असते. २१व्या क्रमांकाचे गुणसूत्र जास्तीचे आले, तर बाळ जगू शकते, पण त्याला डाउन सिंड्रोम असतो. पॅरिसमधील संशोधकांनी हे १९५९ मध्ये दाखवून दिले. स्त्रीच्या अंडपेशींचे विभाजन ती आईच्या पोटात असतानाच सुरू होते आणि पुढे कित्येक वर्षे अर्ध्यावर थांबलेले असते. म्हणून वाढत्या वयात चूक होण्याची शक्यता वाढते. तरुण आईच्या बाबतीतही ती घडू शकते. यात आईने काय खाल्ले, कोणत्या ग्रहणात ती बाहेर पडली, याचा काहीही संबंध नसतो. तिला दोष देणे हे अज्ञान आहे.

खेचराचे उदाहरणही बोलके आहे. घोड्यात ६४ आणि गाढवात ६२ गुणसूत्रे. निम्मी ३२ आणि ३१ मिळून खेचरात ६३ होतात. खेचर धडधाकट असते, ओझे वाहते. पण त्याच्या शरीरात जोड्या नीट लागत नाहीत, त्यामुळे निम्मे करता येत नाही. म्हणून खेचराला सहसा पिल्ले होत नाहीत.

संख्या बरोबर असूनही माशी का जगत नाही?

मधपाळाने सर्वांत जास्त लक्ष द्यावे असा हा भाग आहे. मधमाशीत नर-मादी ठरवणारे एक जनुक असते. ते २००३ मध्ये ओळखले गेले. या जनुकाचे अनेक प्रकार असतात. अंड्यात दोन वेगळे प्रकार आले, तर मादी. एकच प्रत असेल, तर नेहमीचा नर. पण आईकडून आणि वडिलांकडून एकच प्रकार आला तर? गुणसूत्रे ३२, संख्या बिनचूक, तरी मादी होत नाही. ३२ गुणसूत्रांचा नर तयार होऊ लागतो. कामकरी माशा अशी अळी ओळखतात आणि ती लहान असतानाच खाऊन टाकतात. पोलंडचे यर्झी वॉयके यांनी १९६३ मध्ये हे सिद्ध केले.

समजा राणीकडे ‘क’ आणि ‘ख’ हे प्रकार आहेत आणि तिचे मीलन ‘क’ प्रकाराच्या नराशी झाले. त्या नराकडून होणाऱ्या संततीतील निम्म्या अळ्या वाया जातील. राणी अनेक नरांशी मीलन करते, त्यामुळे हा धोका वाटला जातो. दहा नरांत असा एकच असेल आणि साऱ्यांचा वाटा सारखा असेल, तर नुकसान पाच टक्क्यांवर येते. परिसरातील सगळ्या माशांत या जनुकाचे २० प्रकार सम प्रमाणात असतील, तर सरासरी पाच टक्के अळ्या वाया जातात. प्रकार चारच उरले, तर २५ टक्के. चौकटीवर भरलेल्या घरांमध्ये जागोजागी रिकामी घरे दिसतात, कामकरी माशा कमी पडतात आणि फुलोऱ्याच्या वेळी मध गोळा करायला मनुष्यबळच नसावे, तशी पेटीची गत होते. अशी विरळ चौकट रोगामुळे किंवा राणी म्हातारी झाल्यामुळेही दिसू शकते, हे मात्र लक्षात ठेवावे.

निसर्गात यावर थोडा उतारा आहे. दुर्मीळ प्रकार असलेल्या नराची संतती जास्त जगते, त्यामुळे तो प्रकार आपोआप वाढतो. ऑस्ट्रेलियातील केर्न्स येथे २००७ मध्ये सातेरीच्याच प्रजातीच्या माशा अगदी थोड्या संख्येने पोहोचल्या. त्यांच्याकडे मोजकेच प्रकार होते, पण काही वर्षांत त्या प्रकारांचे प्रमाण बरेचसे समसमान झाले आणि वसाहत पसरली. हरवलेला प्रकार मात्र अशाने परत येत नाही.

मधाच्या गावांनी काय करावे?

पहिली गोष्ट, एकाच चांगल्या पेटीचे विभाजन करून सारे गाव भरू नये. मध जास्त देणारी वसाहत वाढवावी, हा मोह साहजिक आहे. पण सगळ्या राण्या बहिणी आणि सगळे नर त्यांचे भाऊ झाले की जनुकाचे प्रकार झपाट्याने कमी होतात. दुसरी गोष्ट, नरांना ‘आयतखाऊ’ समजून त्यांची सगळी घरे कापून टाकू नयेत. नर मध आणत नाही, हे खरे. पण परिसरातील प्रत्येक राणीला लागणारा दुसरा निम्मा वाटा त्याच्याकडेच असतो.

तिसरी आणि सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे रानातील वसाहती. झाडाच्या ढोलीत आणि कपारीत राहणाऱ्या सातेरी या परिसराची जनुकांची ठेव आहेत. वणवा, धूर लावून मोहोळ जाळणे आणि जुनी ढोलीची झाडे तोडणे यातून ही ठेव नकळत संपते. जंगल शाबूत असेल, तर पेटीतली राणी उडाल्यावर तिला नात्याबाहेरचे नर भेटतात.

चौथी गोष्ट देवाणघेवाणीची. शेजारच्या गावांतील मधपाळांनी आपसात वसाहती बदलाव्यात, पण त्या तपासून. १९९१-९२ मध्ये थाई सॅकब्रूड या विषाणूजन्य रोगाने दक्षिण भारतात सातेरीच्या असंख्य वसाहती नष्ट केल्या. त्यामुळे लांबच्या राज्यातून माशा आणणे धोक्याचे. महाबळेश्वरचे मध संचालनालय आणि पुण्यातील केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था या बाबतीत विचारण्याची ठिकाणे आहेत.

थोडक्यात, निम्मे करणे आणि जोडणे या दोन पायऱ्यांनी गुणसूत्रांची संख्या कायम राहते आणि हे काम माशीचे शरीर स्वतःच करते. ते दोन निम्मे वाटे एकमेकांपेक्षा वेगळे राहतील, याची काळजी घेणे मात्र बरेचसे मधपाळाच्या आणि जंगल राखणाऱ्यांच्या हातात आहे. पुढच्या वेळी पेटी उघडाल तेव्हा चौकटीवरच्या रिकाम्या घरांकडे नीट पाहा. ती वाढत असतील, तर कारण शोधायला उशीर करू नका.